एम५ की ई६३ एस? जळगावच्या उन्हात सहाशे घोडे पाळायचे तर कोणते

तापीकाठचा
सरळ मुद्द्यावर येतो. माझ्या मावसभावाला (जिनिंगचा धंदा, गाडीचं वेड शाळेपासून) सेकंडहँड घ्यायचीये, बीएमडब्ल्यू एम५ नाहीतर मर्सिडीज एएमजी ई६३ एस, आणि यावरून घरात महिनाभर जेवणं थंड होतायत. दोन्ही २०१८-१९ च्या, नव्या होत्या तेव्हा दीड कोटीच्या आसपास.

माझं मत ठाम आहे. एम५.

कागदावर भांडायला जागाच नाही. एम५ ला ४.४ लिटरचं व्ही८, ६०० हॉर्सपॉवर, ७५० न्यूटन मीटर टॉर्क (म्हणजे चाक फिरवण्याचा जोर). ई६३ एसला ४ लिटरचं व्ही८, ६१२ हॉर्सपॉवर, ८५० न्यूटन मीटर. शून्य ते शंभर दोघींचं कंपनी सांगते ते सारखंच, ३.४ सेकंद. दोघींना चारही चाकांना ताकद, आणि हौस असली तर फक्त मागच्या चाकांवर टाकायची सोय. फरक आहे तो गिअरबॉक्समध्ये. एम५ ला टॉर्क कन्व्हर्टरवाला (तेलाच्या प्रवाहातून ताकद पुढे देणारा) आठ गिअरचा ऑटोमॅटिक. एएमजीने ई६३ मध्ये कन्व्हर्टर काढून त्याजागी तेलात बुडालेला क्लच टाकलाय, नऊ गिअर. मोकळ्या रस्त्यावर गिअर खटकन पडतो, कबूल, पण मे महिन्यात दुपारी दोनला अजिंठा चौफुलीवर ट्रकच्या मागे इंच इंच सरकायचं म्हटलं की क्लचची धर-सोड आलीच, कन्व्हर्टरसारखी ती लोण्यासारखी सरकणार नाही. शिवाय एम५ ला साध्या स्टीलच्या स्प्रिंगा, ई६३ ला हवेचं सस्पेन्शन, म्हणजे रबरी फुगे. ४५ डिग्रीत जितकं रबर कमी तितकं बरं.

बोला आता.

यावलचा केळीवाला
नाही भो, अजिबात पटलं नाही. दीड कोटीची गाडी तू चौफुलीवरच्या ट्रॅफिकसाठी घेतो का? मग अल्टो घे ना, ती पण सरकते.

हवेच्या सस्पेन्शनला तू दोष देतोय पण तेच तर आपल्या कामाचं आहे. मागे तीन माणसं, डिकीत लग्नाचा बस्ता भरला तरी गाडी बूड टेकत नाही, स्वतःच लेव्हल धरते. स्टीलच्या स्प्रिंगवर ते होत नाही. तुझा मावसभाऊ एकटा फिरणार का रोज? मावशी बसणार ना मागे? मग मावशीच्या कमरेला विचार एम५ की ई६३.

दुसरं, ई६३ हळू चालवताना आठातले चार सिलिंडर झोपवते. एम५ ला ते नाही. पेट्रोल पिण्याच्या बाबतीत दोघी सारख्याच बेवड्या, पण ही निदान मध्येच श्वास घेते. आणि ते १०० न्यूटन मीटर जास्त तू असं सांगून गेला जसं भरितात मीठ कमी-जास्त झालं. ओव्हरटेकला तेच लागतं, ३.४ सेकंद कोण मोजतं? समृद्धीवर तर लिमिट १२० ची, शंभर झाले की वीसच उरले.

एमएच१८
तुम्ही दोघं २०१८ मध्येच अडकलात. नवी एम५ बघा ना. हायब्रिड, ७२७ हॉर्सपॉवर, १००० न्यूटन मीटर, नोव्हेंबर २०२४ ला भारतात १.९९ कोटीला आली. १८.६ किलोवॉट अवरची बॅटरी, कंपनीच्या हिशोबाने सत्तरएक किलोमीटर नुसती विजेवर. धुळ्यात दिवसभर हिंडा, इंजिन चालू करायची गरज नाही.

तापीकाठचा
@एमएच१८ भाऊ, वजन लिहायला विसरले. २४३५ किलो! जुनी १८५५ होती. म्हणजे जवळजवळ सहा क्विंटल कापूस डिकीत टाकून शर्यतीला उभी केलीये, म्हणून तर सव्वाशे घोडे वाढूनही शून्य ते शंभर ३.५ सेकंद, जुनीपेक्षा एका दशांशाने मागेच. आणि विजेवर शांत फिरायचं असेल तर आठ सिलिंडर घ्यायचेच कशाला.

एमएच१८
वजनाचं मान्य. पण बाराशे-पंधराशे आरपीएमला विजेची मोटर जो धक्का देते तो तुमच्या दोन्ही म्हाताऱ्यांना टर्बो (इंजिनात हवा कोंबणारा पंखा) भरेपर्यंत जमणार नाही. आणि नवीला वॉरंटी असते, ते कोणीच बोलत नाहीये.

अमळनेरी
पैसा त्याना, गाडी त्यानी, भांडी राह्यनात तुम्ही. चालू द्या 😄

कन्नड घाट
मी जरा अनुभवाचं सांगतो, कारण इथे बहुतेकांनी गाडी मोबाइलवरच चालवलेली दिसते. माझ्याकडे चार वर्षं एक अशीच ताकदवान सेडान होती. कोणत्या कंपनीची ते विचारू नका, सांगणार नाही.

चाळीसगावहून संभाजीनगरला निघालो, पाऊस उघडलेला, घाट चढायच्या आधी पाण्याने भरलेला एक खड्डा, दिसलाच नाही. धाडकन आवाज आला आणि पुढचं डावं चाक. उतरून बघितलं तर रिम जागेवर, पण टायरच्या बाजूला पापडाला येतो तसा फुगा, मुठीएवढा. हात लावून दाबला तर मऊ. स्टेपनी नाही, डिकीत नुसता पंप आणि चिकाची बाटली, आणि ती बाटली तळव्यात खिळा गेला तरच कामाची, बाजू फुगली की काही उपयोग नाही. दोन तास क्रेनची वाट बघितली, तीही आधी साधी हुकवाली आली, मी परत पाठवली कारण चारही चाकांना ताकद असलेली गाडी दोन चाकं रस्त्यावर फरफटत न्यायची नसते, सपाट बॉडीवालीच लागते. टायर जळगावला नाही, संभाजीनगरला नाही, पुण्याहून चार दिवसांनी. आणि एक नाही, दोन घ्यावे लागले, कारण नवा-जुना मिळून गोलाई बदलली की फोर व्हीलच्या यंत्रणेला त्रास. नव्वद हजार गेले. एका खड्ड्याचे.

आता हिशोब करा. एम५ चा पुढचा टायर २७५/३५, म्हणजे २७५ मिलिमीटर रुंदीच्या ३५ टक्के, रस्ता आणि रिमच्या मध्ये साडेनऊ सेंटीमीटर रबर. ई६३ एसचा मागचा २९५/३०, म्हणजे नऊ सेंटीमीटरही नाही. तुम्ही घोडे मोजताय, मी खड्डे मोजतो. त्या हिशोबाने एम५ अर्ध्या बोटाने पुढे.

यावलचा केळीवाला
दादा, अर्ध्या बोटाने मावशीची कंबर वाचणार नाही 😂 पण क्रेनचं खरं आहे, हे आधी नोंदवून ठेवायला पाहिजे.

वहीखाते
धंद्याच्या नावावर घ्यायची का हे कोणी विचारलंच नाही म्हणून लिहितो. लोकांना वाटतं कंपनीच्या नावावर घेतली की अर्धी फुकट. तसं नसतं. इन्कम टॅक्समध्ये वर्षाला १५ टक्के घसारा मिळतो, तो खरा. पण अशा प्रवासी गाडीवर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट (पुढच्या जीएसटीतून वजावट) मिळत नाही. आणि महाराष्ट्रात नवी गाडी कंपनीच्या नावावर असेल किंवा बाहेरून तयार आलेली असेल तर रोड टॅक्स २० टक्क्यांनी लागतो.

जुनी घेताना पाटी बघा. दिल्लीची गाडी स्वस्त दिसते, पण ती एमएच१९ वर, म्हणजे जळगावच्या पाटीवर आणायची तर इथला टॅक्स पुन्हा भरायचा आणि तिथला परत मागायला कागद घेऊन फिरायचं. आपल्याच राज्यातली, एका मालकाची, थोडी महाग मिळाली तरी परवडते.

इंजिनवाला
रबराचं वर कोणीतरी म्हटलं म्हणून सांगतो, उन्हाचा मुद्दा सस्पेन्शनचा नाहीच, इंजिनचा आहे, आणि त्यात दोघी सख्ख्या बहिणी. दोन्ही इंजिनांत टर्बो बाहेरच्या बाजूला नसतात, सिलिंडरच्या दोन ओळींमधल्या व्हीच्या खोबणीत मधोमध बसवलेत. त्याने एक्झॉस्टचा रस्ता छोटा होतो, टर्बो लवकर भरतो, पण सगळी भट्टी इंजिनच्या डोक्यावर. आजूबाजूचे पाइप, सील, प्लास्टिक सगळं त्या धगीत शिजतं. म्हणून घाट चढून आल्यावर गाडी बंद केली तरी पंखा चालू राहतो, लोक घाबरून बॅटरी काढायला जातात! राहू द्या, चालू द्या त्याला, आणि लगेच कव्हर टाकू नका.

दुसरं पेट्रोल. या इंजिनांना ९८ च्या आसपास ऑक्टेन हवं. इंडियन ऑइलचं एक्सपी१०० आहे, पण मोजक्या शहरांत. कमी ऑक्टेनवर इंजिन नॉकिंग (पेट्रोल अवेळी पेटून होणारी ठकठक) ओळखून ठिणगीची वेळ मागे घेतं, वाचतं, पण सहाशे घोड्यांना पगार देता आणि कामावर सगळे येत नाहीत. तेव्हा ६०० की ६१२ यावर भांडण म्हणजे गंमतच आहे.

तापीकाठचा
हे मात्र मला माहीत नव्हतं. मग मी गिअरबॉक्सवर ठाम आहे, बाकी सोडतो. हवेच्या सस्पेन्शनचं अर्धं मान्य, मावशीचा फोन आलाच होता काल, तिने विचारलं "दोघींतली बसायला उंच कोणती?" म्हटलं दोन्ही जमिनीला टेकलेल्या. ती म्हणे मग इनोव्हा काय वाईट आहे. यावर कोणाकडे उत्तर असेल तर सांगा.

एमएच१८
इनोव्हाला उत्तर नाही. विषय बदला.

तापीकाठचा
बदलतो. नाशिकला एक एम५ आहे आणि एक ई६३, दोन्ही एमएच१५, रविवारी बघायला चाललोय. काय बघू?

कन्नड घाट
टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. २३१९ असेल तर २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही खोल दिसू दे, इतका जुना टायर आपल्या उन्हात वाळलेला असतो, चारही बदलायचे पैसे किमतीतून आधीच वजा करा. आणि चारही एकाच कंपनीचे आहेत का बघा.

इंजिनवाला
सर्व्हिसची कागदं तारखेप्रमाणे लावून बघ, मध्ये दोन वर्षं गायब असली तर चहा पिऊन परत ये. आणि निघायच्या आधी फोन कर, म्हण इंजिन चालू करून ठेवू नका, मी आल्यावरच करू. पोचल्या पोचल्या बोनेटवर हात ठेव. कोमट लागलं तर समज तुझ्या आधी कोणीतरी धूर काढून टाकलाय.

यावलचा केळीवाला
मी येतो सोबत. सकाळी सहाला बसस्टँडसमोर. मागच्या सीटवर मी बसून बघणार, मावशीच्या वतीने.