जर्मन ट्रॉलर नौदलात गेला की नंबर का बदलतो?

उद्यमबाग_बेळगाव:
दुसऱ्या महायुद्धात जर्मन नौदलानं ताब्यात घेतलेल्या मासेमारी ट्रॉलरचं (जाळं ओढत मासे धरणाऱ्या जहाजाचं) १:१०० मॉडेल करतोय. एकाच नावाच्या फोटोंत कुठं 'पीजी', कुठं 'व्ही' आणि पुढं आकडे. जहाज तेच आहे हे कसं ओळखायचं? तोफा कुठं बसवायच्या?

खानापूरकर:
'पीजी' ही जर्मनीतल्या गेस्टेम्युंडे बंदराची मासेमारी नोंदणी, 'एचसी' कुक्सहाफेन बंदराची. १९३७ मध्ये कुक्सहाफेन हांबुर्ग राज्याकडून प्रशिया राज्याकडं गेलं आणि 'एचसी'चं 'पीसी' झालं. गाव जागेवर, राज्य बदललं. आपल्या सीमाभागात हे वेगळं समजवायला नको.

'व्ही' म्हणजे फोरपोस्टेनबोट, पहाऱ्याची बोट. शेवटचे दोन आकडे बोटीचे, आधीचे फ्लोटिलाचे, म्हणजे बोटींच्या तुकडीचे. व्ही १३०७ म्हणजे १३ व्या फ्लोटिलातली ७ नंबरची बोट. फ्लोटिला बदलला की नंबर बदलायचा, शिवाय एकच नाव दोन-तीन ट्रॉलरना असायचं. म्हणून जहाज बांधणारं यार्ड, बांधणी क्रमांक आणि वर्ष जुळल्याशिवाय फोटोवर भरवसा ठेवू नका.

निपाणी_टर्नर:
तोफांचं बघा की. मोठी तोफ, बहुधा ८८ मिमी, नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाला, उंच चौथऱ्यावर. २० मिमी विमानविरोधी तोफा ब्रिजजवळ (बोट चालवायच्या खोलीजवळ) आणि मागं. डेप्थ चार्ज (पाणबुडीवर टाकायचे बॉम्ब) पार मागच्या टोकाला. तुमच्या मापात ८८ मिमीचं भोक ०.८८ येतं, पितळेत ०.९ चा ड्रिल चालवा, पण आधी सेंटर पंचानं खूण मारा, नाहीतर ड्रिल भरकटून मोडतो. २० मिमीला भोक पाडायच्या नादी लागू नका, इंजेक्शनची सुई कापून लावा.

सर्रास होणारी चूक म्हणजे १९४० च्या बोटीवर १९४४ च्या तोफा. वर इतकं वजन चढलं की बोट कलते, म्हणून खाली मासळीच्या खणात बॅलास्ट (तोल राखायचं वजन) भरावं लागतं. पाण्याची रेषा त्या हिशेबानं आखा. सुरुंग काढणारी बोट असेल तर ट्रॉलचा विंच (जाळं ओढायचं यंत्र) काढू नका, तारा ओढायला तोच लागतो.

हलगा_वाचक:
'म्युन्शन' (७ मे १९४१ ला ब्रिटिशांनी पकडली) किंवा 'लाउएनबुर्ग' (२८ जून १९४१) करणार असाल तर 'व्ही' शोधत बसू नका. त्या हवामान नोंदवणाऱ्या बोटी होत्या. आठवडेच्या आठवडे समुद्रात राहायच्या, त्यामुळं एनिग्मा या जर्मन सांकेतिक यंत्राच्या पुढच्या महिन्याच्या किल्ल्याही (यंत्र कसं लावायचं याचे तक्ते) बरोबर असणार, हे ब्लेचली पार्क या ब्रिटिश संकेत-उकल केंद्रातल्या हॅरी हिन्स्लींनी ताडलं आणि म्हणूनच त्या बोटींवर धाड पडली. अशा मॉडेलवर तोफा अगदी थोड्या ठेवा आणि दोन्ही डोलकाठ्यांमधल्या रेडिओच्या तारा नीट ताणून घ्या.