५ बाय ८ फुटी ट्रेलरवर झोपायची खोली बांधायची आहे

प्रश्न (मिशिगनहून): मंडळी, माझ्याकडे उघडा युटिलिटी ट्रेलर आहे, सिंगल अ‍ॅक्सल (एकाच आसाचा). ट्रेलर धरून एकूण क्षमता २,००० पौंड, रिकामा ६०० च्या आसपास. उन्हाळ्यात सुपीरियर सरोवराच्या काठाने फिरायचंय, आम्ही दोघं आणि लेक. २ बाय ४ इंची लाकडाचा सांगाडा आणि पाऊण इंची प्लायवूड लावलं तर चालेल का?

उत्तर १: नका हो! पाऊण इंची प्लायची ४ बाय ८ फुटी एकेक शीट साठ-सत्तर पौंडांची. भिंती आणि छपरातच बरीच क्षमता संपेल, मग पाणी, गाद्या, सामान कुठे? २ बाय २ इंची लाकडाचा सांगाडा करा, बाहेरून पाव इंची प्लाय, मध्ये एक इंची एक्सपीएस फोम (उष्णता अडवणारा कडक, हलका फोम). गोंद फोमसाठीचाच घ्या, सॉल्व्हंटवाल्या गोंदाने फोम विरघळतो.

उत्तर २: बॅटरी नि पाणी चाकांच्या किंचित पुढे ठेवा. हिचवर (गाडीला ट्रेलर जोडतो तिथे) एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार हवाच. मागे वजन गेलं की हायवेवर ट्रेलर डोलायला लागतो, आणि गाडीत लेकरू आहे तुमच्या.

उत्तर ३: हवेचं बघा. तिघांच्या श्वासाने सकाळी भिंती ओल्या होतात. छतावर १४ इंची व्हेंट (हवेचा झरोका), खाली एक खिडकी. व्हेंटच्या कडेला ब्युटाइल टेप (पाणी रोखणारी चिकट पट्टी). स्टोव्ह बाहेरच पेटवा, आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावल्याशिवाय निघू नका.

प्रश्नकर्ता: मनापासून आभार. पाऊण इंची प्लाय रद्द. लेकीचा बंक (झोपायची फळी) कॅनव्हासचा केला तर वजन आणखी वाचेल ना?