मदत हवी आहे : टँपात हरिकेन येतंय, सासू-सासऱ्यांसह घरातच थांबायचं का?

सातारी_सून

आम्ही टँपाच्या उत्तर भागात राहतो. आखातातलं वादळ बुधवारी रात्री किनाऱ्याला लागेल आणि तेव्हा ते कॅटेगरी ३ असेल, असं आत्ताचं भाकीत आहे. काउंटीने (इथलं जिल्हा प्रशासन) झोन 'ए' आणि 'बी' रिकामे करायला सांगितलेत. आमचा पत्ता 'डी'मध्ये येतो, म्हणजे आम्हाला अजून हुकूम नाही. फ्लोरिडात याच वर्षी आलो, आधी मिनेसोटात होतो. बर्फाचं सगळं कळतं, वाऱ्याचं काही कळत नाही.

घर २००४ सालचं, दुमजली. खालचा मजला काँक्रीट ब्लॉकचा, वरचा लाकडी. शटर्स नाहीत. मागे पावसाचं पाणी साठवायचं सोसायटीचं तळं आहे, पाच-सहा घरांच्या परसाला लागून. घरात आम्ही दोघं, सहा वर्षांची मुलगी आणि साताऱ्याहून आलेले सासू-सासरे. आईंना इन्सुलिन आहे. बाबांना झोपेत श्वास अडू नये म्हणून सीपॅप मशीन लागतं.

नवरा म्हणतो, गाडी काढू आणि सरळ अटलांटा गाठू. आईंच्या गुडघ्यांमुळे त्यांना गाडीत दोन-तीन तासांच्या वर बसवत नाही. बाबा म्हणतात, "सदुसष्टचा कोयनेचा भूकंप मी पाटणात काढलाय, रात्री अंगणात झोपायचो, वाऱ्याला काय भ्यायचं." अंगणात झोपायचा उपाय इथे चालणार नाही, हे त्यांना कोण सांगणार!

थांबलो तर वर थांबायचं की खाली? तळ्याचं पाणी आलं तर खाली अडकू, वारा आला तर वर. दुकानांतलं प्लायवूड संपलंय. काचांना टेप लावली तर काही उपयोग होतो का? इन्सुलिनचं आणि मशीनचं काय करायचं? शेगडी विजेची आहे, त्यामुळे खाण्याचाही प्रश्न आहे. "काळजी घ्या" सगळेच म्हणतायत. काय करायचं ते कुणी नीट सांगेल का?

आखातकर

सेंट पीटर्सबर्गला बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून लिहितो.

पहिली गोष्ट, कॅटेगरीचा आकडा डोक्यातून काढा. तो फक्त वाऱ्याचा वेग सांगतो. तीन म्हणजे ताशी १११ ते १२९ मैल. पाणी किती चढेल, पाऊस किती पडेल याच्याशी त्याचा संबंध नाही. आणि झोन 'ए' ते 'ई' हे समुद्राच्या पाण्यासाठी आखलेत, वाऱ्यासाठी नाहीत. इथे जुनी रीत अशी की पाण्यापासून पळायचं आणि वाऱ्यापासून लपायचं. तुम्ही 'ए'मध्ये असतात तर एवढं लिहिलंच नसतं, "निघा" म्हटलं असतं. फिरत्या घरात, म्हणजे मोबाइल होममध्ये असतात तर झोन न बघताच "निघा" म्हटलं असतं.

'डी'मध्ये, २००४च्या ब्लॉकच्या घरात थांबणं हा वेडेपणा नाही. १९९२च्या अँड्र्यूने मायामीच्या दक्षिणेला घरंच्या घरं उडवली. त्यानंतर नियम कडक होत गेले आणि २००२पासून सगळ्या राज्याला एकच बांधकाम संहिता लागू झाली. तुमचं घर त्यानंतरचं आहे.

अटलांटाबद्दल. २०१७च्या इर्मा वादळात उत्तरेकडे जाणारे हायवे तुंबले होते, लोक पेट्रोल शोधत फिरत होते आणि पुढे वादळ त्यांच्या मागोमाग जॉर्जियात गेलं. २०२४च्या हेलीनने सगळ्यात जास्त बळी नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगरात घेतले, समुद्रापासून शेकडो मैलांवर. लांब गेलं म्हणजे सुटलो असं नसतं. निघायचंच असेल तर काही मैल आत, उंचावर, भक्कम घर असलेल्या ओळखीच्यांकडे जा, आणि उद्या दुपारच्या आत जा. वारा सुरू झाल्यावर निघणं हा सगळ्यात वाईट पर्याय. ताशी ४०-४५ मैलांच्या पुढे वारा गेला की अँब्युलन्सही येत नाही.

टेपने काही होत नाही. काच फुटायची ती फुटतेच, उलट टेपमुळे तिचे मोठे तुकडे पडतात. दाब समान राहावा म्हणून खिडकी थोडी उघडी ठेवा असंही कुणीतरी सांगेल, ते ऐकू नका. काचांपेक्षा मला गॅरेजच्या दाराची जास्त चिंता वाटते. ते आत दबलं की वारा घरात घुसतो आणि छताला आतून उचलतो. दाराच्या आतल्या बाजूला वाऱ्याच्या दाबाचा स्टिकर आहे का बघा. २००४चं मूळ दार असेल तर बहुतेक असेल.

चकली_भाजणी

खाण्याचं माझ्यावर सोडा. वीज आहे तोवर, म्हणजे आज-उद्याच, दशम्या आणि धपाटे करून ठेवा. दशम्या दुधात भिजवा, पाण्यात नको, जास्त टिकतात. नंतर दडपे पोहे : पातळ पोहे, कांदा, लिंबू, मीठ, खोबरं, शेगडी लागतच नाही. सातूचं पीठ असेल तर सोनं. मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, चिवडा आहेच. डाळ-तांदळाची पोती भरू नका, शिजवणार कशावर?

पिण्याचं पाणी माणशी दिवसाला एक गॅलन धरा, निदान आठवडाभराचं. बाथटब भरून ठेवा, फ्लशला लागतं. फ्रीज सारखा उघडू नका. बंद राहिला तर चार तास थंडावा टिकतो. फ्रीझर गच्च भरलेला असेल तर ४८ तास. रिकाम्या जागी पाण्याच्या बाटल्या आडव्या भरून टाका.

बाबांना सांगा, अंगणात नाही, पण कपाटात झोपायची तयारी ठेवा म्हणावं :)

सातारी_सून

कपाटात?

आखातकर

हो, मी तेच लिहायला आलो होतो. वरचा लाकडी मजला वाऱ्याच्या वेळी रिकामा ठेवा. खाली, घराच्या मध्यावर, खिडकी नसलेली जागा शोधा. जिन्याखालची खोली, मोठं कपाट किंवा आतलं बाथरूम. तिथे गाद्या टाका. मुलीचं सायकलचं हेल्मेट ठेवा, मोठ्यांसाठी असेल तर तेही. प्रत्येकाचे बूट हाताशी हवेत, फुटलेल्या काचांवरून अनवाणी चालता येत नाही. मिल्टनमध्ये (ऑक्टोबर २०२४) वादळ आपल्या बाजूला लागलं, पण त्याच्या आधी पलीकडच्या, पूर्व किनाऱ्यावर चक्रीवाताने (टॉर्नेडोने) माणसं मेली. मोबाइलवर टॉर्नेडोचा इशारा वाजला की विचार न करता सगळ्यांनी त्या खोलीत जायचं. फोनवरचे इशारे त्या रात्री बंद करू नका, कितीही कर्कश वाटले तरी.

आणि डोळा डोक्यावरून गेला तर मध्येच सगळं शांत होईल, चांदण्यासुद्धा दिसतील. बाहेर जाऊ नका. पुढचा वारा उलट्या दिशेने येतो, एकदम.

तळ्याबद्दल विचारतो. ते कधी काठोकाठ भरलंय का? घराचा उंबरा काठापेक्षा किती वर आहे? मिल्टनमध्ये सेंट पीटर्सबर्गात १८ इंचांच्या वर पाऊस झाला. समुद्राशी संबंध नसलेल्या वस्त्यांतही नुसत्या पावसाने पाणी शिरलं. झोनचा नकाशा हे सांगत नाही. त्यासाठी फेमाचा (केंद्र सरकारच्या आपत्ती खात्याचा) पुराचा नकाशा वेगळा असतो, त्यावर पत्ता टाकून बघा.

उत्तरायण

मी वेगळं मत मांडतो. घर टिकेल हो. प्रश्न वादळानंतरचा आहे. इर्मात फ्लोरिडातल्या साठ टक्क्यांहून जास्त ग्राहकांची वीज गेली होती. फ्लोरिडातल्याच हॉलिवूड नावाच्या गावातल्या एका वृद्धाश्रमात एसी बंद पडला आणि उकाड्याने १२ जण गेले. इमारत शाबूत होती, रस्त्यापलीकडे हॉस्पिटल होतं, तरी. तुमच्या घरात दोन वयस्क माणसं आहेत, एकाचं मशीन विजेवर, एकीचं औषध थंडाव्यावर. सप्टेंबरच्या उकाड्यात एसीशिवाय आठवडा काढायची तयारी आहे का, हा खरा प्रश्न. मी असतो तर वादळ घरात काढलं असतं, पण दुसऱ्या दिवशी वीज नसेल तर कुठे जायचं ते आजच ठरवून ठेवलं असतं. हॉटेलची खोली असेल तर आजच सांगून ठेवा, नंतर मिळत नाही.

सातारी_सून

उत्तरायण, हा विचार आम्ही कुणी केलाच नव्हता. नवऱ्याला वाचून दाखवला. तो अटलांटावरून ऑर्लँडोवर आलाय. तिथे त्याचा मित्र आहे, घरी जनरेटर आहे. वादळाची वाट ऑर्लँडोवरून जाणार असं आत्ता दिसतंय, म्हणून आधी नाही, नंतर.

आखातकर, फेमाच्या नकाशावर आम्ही 'एक्स'मध्ये आहोत. तळं ऑगस्टच्या पावसात निम्म्याच्या वर गेलं नव्हतं. उंबरा काठापासून चांगला चार-साडेचार फूट वर आहे.

आखातकर

'एक्स' म्हणजे धोका कमी, शून्य नाही. पण चार फूट बरे आहेत. तळ्यातून पाणी बाहेर जायची जाळी पालापाचोळ्याने अडली नाही ना, ते आजच बघा. शेजाऱ्यांना घेऊन साफ करा, सोसायटीच्या ऑफिसची वाट बघू नका.

क्रम लक्षात ठेवा : वारा असताना खाली. घरात पाणी यायला लागलंच तर वर, पण पोटमाळ्यात नाही. २००५च्या कतरिना वादळात लोक माळ्यात चढले आणि छताखाली अडकले. पाणी आत येतंय असं दिसलं की आधी मेन स्विच बंद, तेसुद्धा बोर्डपाशी कोरडं असेल तरच.

आज रात्री ११चं आणि उद्या पहाटे ५चं वादळाचं बुलेटिन बघा. त्यातल्या नकाशावर वादळाची संभाव्य वाट दाखवणारा शंकू असतो, त्याची मधली रेघ बघत बसू नका. वादळाचं केंद्र शंकूच्या आत राहायची शक्यता तीनात दोन असते, आणि पाऊस-वारा तर शंकूच्या बाहेरही पोचतो. टँपासाठी एवढंच पाहा की केंद्र खाडीच्या उत्तरेला लागतंय की दक्षिणेला. उत्तरेला लागलं तर वारा समुद्राचं पाणी खाडीत ढकलतो. दक्षिणेला लागलं तर पाणी ओढून नेतो. २०२२च्या इयनमध्ये टँपाची खाडी कोरडी पडलेली मी स्वतः पाहिली, आणि त्याच दिवशी फोर्ट मायर्स बीच बुडालं. वाट उत्तरेला सरकली आणि 'सी'लाही हुकूम आला, तर मात्र आमच्या सल्ल्यांचा पुन्हा विचार करा.

गोळी_पाणी

फार्मसीत काम करते, म्हणून दोन शब्द.

इन्सुलिन : वापरातलं किंवा न उघडलेलं, मूळ बाटलीत किंवा पेनात, १५ ते ३० अंश सेल्सिअसमध्ये २८ दिवसांपर्यंत चालतं. म्हणजे वीज गेली की लगेच वाया गेलं असं नाही. पण एसी नसलेलं घर इथे तिशीच्या वर सहज जातं. कूलरमध्ये बर्फ, वर जाडसर टॉवेल, त्यावर इन्सुलिन. बर्फाला टेकू देऊ नका, गोठलेलं फेकूनच द्यावं लागतं. ओल्या फडक्याची, माठाची युक्ती इथल्या दमट हवेत चालत नाही.

आणीबाणी जाहीर झाली की फ्लोरिडात औषधं मुदतीआधी ३० दिवसांची भरून मिळतात. पण तुमच्या आई-बाबांची औषधं साताऱ्याहून आणलेली असतील, त्यांना ते लागू पडणार नाही. गोळ्यांच्या पट्ट्या आजच मोजा. कमी पडत असतील तर टेलिमेडिसिनवरून इथलं प्रिस्क्रिप्शन आजच घ्या. जेवणाच्या वेळा चुकतील, म्हणून आईंच्या उशाशी साखर किंवा ज्यूसचा डबा ठेवा. अशा गडबडीत साखर वाढण्यापेक्षा उतरण्याची भीती जास्त.

सीपॅप : बॅटरी मिळाली तर उत्तम. गरम वाफेचा भाग बंद ठेवून चालवलं तर तीच बॅटरी कितीतरी जास्त टिकते. काउंटीत खास गरजेच्या लोकांसाठी वेगळा निवारा असतो, तिथे वीज असते. त्यासाठी नोंदणी लागते. आत्ताच फोन करून विचारा, पाहुण्यांनाही घेतात का तेही.

चकली_भाजणी

मुलीचं राहिलंच. खोटं सांगू नका. "रात्री खूप आवाज येईल, आपण सगळे जिन्याखाली झोपणार आहोत," एवढं आधीच सांगा. तिची पिशवी तिलाच भरू द्या. टॉर्च तिच्या ताब्यात द्या, स्वतःला हवालदार समजेल. आणि कोयनेच्या गोष्टी त्या रात्रीसाठी राखून ठेवायला सांगा आजोबांना, तिथेच कामाला येतील.

सातारी_सून

सगळ्यांचे आभार. थांबायचं ठरलं. जिन्याखालची खोली रिकामी केली, आईंसाठी आत खुर्ची ठेवली कारण जमिनीवर बसून त्यांना उठता येत नाही. पासपोर्ट, आय-९४ (अमेरिकेत प्रवेशाची नोंद), विम्याची कागदपत्रं झिपलॉकमध्ये. खोल्यांचे व्हिडिओ काढले. पुराचा विमा मात्र नाही, आणि आता काढला तर ३० दिवसांनी लागू होतो म्हणे. असो. जाळीचं काम नवरा आणि पलीकडचा शेजारी करतायत, बाबा सूचना देतायत.

एकच राहिलं. तोच शेजारी म्हणतो, त्याचा छोटा जनरेटर बाबांच्या मशीनसाठी वापरा, पावसात भिजू नये म्हणून गॅरेजमध्ये दार अर्धं उघडं ठेवून चालवा. चालेल ना?

आखातकर

नाही! दार पूर्ण उघडं असलं तरी नाही. त्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतच माणूस जातो. २०२०च्या लॉरा वादळानंतर लुईझियानात याच कारणाने माणसं गेली. घरापासून निदान २० फूट लांब, धुराचं तोंड खिडक्या-दारांपासून उलट, आणि वादळ चालू असताना अजिबात नाही. ती रात्र बाबांनी बॅटरीवर काढावी. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म घरात आहे का? त्याची बॅटरी आज बदला.

सातारी_सून

अलार्म आहे, वरच्या मजल्यावर. खाली आणून लावते. शेजाऱ्याच्या घरी तर जनरेटर गॅरेजमध्येच मांडून ठेवलाय. त्याला हा धागा वाचता येणार नाही, जाऊन सांगून येते.