म्युनिकला बिऱ्हाड : ६९ किलोंत काय बसवू?

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं नुसती वाचत आले, धागा काढायची वेळ आज पहिल्यांदा आली.

आम्ही मुलुंड पूर्वेला राहतो. मी, नवरा आणि सात वर्षांचा मुलगा. नवऱ्याला कंपनी दोन वर्षांसाठी म्युनिकला पाठवतेय. नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात शनिवारी रात्री निघायचं, रविवारी सकाळी तिथे. पहिले सहा आठवडे कंपनीचं सामानसुमानासकट घर, त्यानंतर भाड्याचं घर आपलं आपण शोधायचं. तिकिटावर माणशी २३ किलोची एकच बॅग, म्हणजे तिघांचे मिळून ६९ किलो. कार्गोचे पैसे कंपनी देत नाही, हे नवऱ्याने मला होकार कळवून झाल्यावर सांगितलं. असो.

सध्या पलंगावर डोंगर झालाय. पाच लिटरचा कुकर, तीनचा कुकर, मिक्सर आणि त्याची तीन भांडी, पोळपाट (शिसवी, एकट्याचं वजन पावणेदोन किलो), मिसळणाचा डबा, स्टीलचे उभे डबे. सासूबाईंनी काल त्यात पुरणयंत्र आणून ठेवलं. शिवाय सिमल्याच्या ट्रिपला घेतलेले चार स्वेटर. रोज संध्याकाळी मी लटकवायचा काटा घेऊन बसते. रोज ८० च्या वर जातं, मग कुणीतरी रुसतं.

माझे प्रश्न असे. कुकर आणि मिक्सर तिथल्या वीज-शेगडीवर चालतात का, की तिथेच घेऊ? थंडीचे कपडे इथून घ्यावेत का? दुकानदार म्हणतो सगळं मिळेल, पण मुंबईच्या दुकानदाराच्या थंडीवर माझा विश्वास नाही. मुलाचे कपडे आणि बूट मापाने कसे जुळवायचे? तिथे स्वस्त आणि बरं सामान कुठे मिळतं? अंथरूण-पांघरूण न्यायचं का?

पांघरुणावरून शेवटचा प्रश्न. माझ्या आईने तिच्या पातळांची शिवलेली एक गोधडी आहे. तीन किलो दोनशे ग्रॅम. नवरा म्हणतो, तेवढ्यात मिक्सर बसतो. त्याचं गणित बरोबर आहे. पण आईच्याने आता सुई ओवत नाही, दुसरी होणार नाही.

---

ठाण्याचा_बाब्या

सिमल्याचे स्वेटर राहू द्या ताई. मुंबईची थंडी म्हणजे सांताक्रूझला १९६२ च्या जानेवारीत पारा ७.४ वर आला होता, तो अजून विक्रम आहे. म्युनिकला ७.४ असेल तर लोक बाहेर खुर्च्या टाकून कॉफी पितात.

थर्मलचे दोन-दोन जोड डेकॅथलॉनमधून इथूनच घ्या, विमानातून उतरल्या उतरल्या लागतील. बाकी वरचं जॅकेट तिकडे. जाड स्वेटर घरातही नकोच, घरं हीटरने उबदार असतात. बाहेर गारठा आणि ट्राममध्ये घाम, म्हणून पातळ कपडे एकावर एक, कांद्याच्या पाकळ्यांसारखे. तिथले लोकही त्याला कांदाच म्हणतात. वरचं जॅकेट वारा आणि पाणी अडवणारं हवं, टोपीसकट. सुती बनियन आत नको, घामाने ओला झाला की सुकत नाही.

---

इसारकाठी

म्युनिकमध्ये नऊ वर्षं झाली, त्यामुळे जरा लांबण लागेल.

सगळ्यात आधी, तुम्ही रविवारी उतरताय. रविवारी इथे दुकानं बंद. सुपरमार्केट, कपडे, फर्निचर, सगळं. विमानतळावरचं सुपरमार्केट उघडं असतं, घरी जायच्या आधी तिथूनच दूध, पाव, अंडी, फळं, टॉयलेट पेपर घ्या. मी ते केलं नव्हतं. पहिला रविवार आम्ही विमानात मिळालेल्या बिस्किटांवर आणि आईने दिलेल्या मेतकूट-भातावर काढला, भात म्हणजे कंपनीच्या घरात आधीच्या कुणीतरी सोडलेला अर्धा पुडा. आणि इतर दिवशीही बवेरियात दुकानं रात्री आठला बंद. आठ वाजून पाच मिनिटांनी तुम्ही काचेच्या बाहेर, दूध आत.

घर शोधताना जाहिरातीत 'इबीके' ही अक्षरं आहेत का बघा. ती असली तर स्वयंपाकघर आहे. नसली तर नाही, म्हणजे अगदीच नाही: ओटा नाही, सिंक नाही, शेगडी नाही, भिंतीतून नळाचे दोन पाइप बाहेर आलेले. दिवेही बरेचदा आधीचा भाडेकरू काढून नेतो, छताला नुसत्या वायरी लोंबत असतात. आधीचा भाडेकरू त्याचं किचन तुम्हाला विकायला काढतो, त्यावर घासाघीस चालते. लाजू नका, आपण हिंदमाताला करतो तशीच करायची, फक्त आवाज खाली.

म्हणून सहा आठवड्यांनंतरच्या घराची भांडी आत्ता ठरवू नका. शेगडी इंडक्शन निघेल की साधी काचेची, ते आज माहीत नाही. काचेच्या साध्या शेगडीवर सपाट बुडाचं काहीही चालतं. इंडक्शनवर लोहचुंबक चिकटेल तेच. फ्रिजवरचं मॅग्नेट घेऊन आजच सगळ्या भांड्यांच्या बुडाला लावून बघा. अॅल्युमिनियमचा कुकर बाद. आपली बरीच स्टीलची पातेलीही बाद होतात, दिसायला स्टील असली तरी. खोल तवा आणि गोल बुडाची कढई दोन्हीकडे निरुपयोगी. गॅसच नाही, त्यामुळे फुलका जाळावर फुगत नाही. तव्यावरच फडक्याने दाबून फुगवायची सवय करा, आठवडाभरात जमतं.

पाच लिटरचा कुकर सोडा. तीनचा इंडक्शन बुडाचा असेल तर जरूर न्या, आणि त्याच्या दोन जास्तीच्या रिंगा आणि सेफ्टी व्हॉल्व्ह. ते इथे सहज मिळत नाही. जर्मन कुकर उत्तम असतात पण शिट्टी देत नाहीत, आणि मला आजही वरण शिट्ट्यांनीच कळतं.

---

लोखंडी_तवा

वरच्या प्रतिसादाला अनुमोदन, पण मिक्सरच्या बाबतीत नवऱ्याच्या बाजूने. मिक्सर न्याच. तिथले मिक्सर स्मूदी करतात. ओलं खोबरं आणि सुकी मिरची घातली की रडतात.

विजेची काळजी नाही. तिकडेही २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ, आपल्यासारखंच. अमेरिकेला जाणाऱ्यांचे सल्ले वाचू नका, तिकडे १२० आणि ६०. अडचण फक्त प्लगची. जर्मन सॉकेट खोल गोल असतं, आपला तीन पिनी प्लग त्यात बसत नाही. मोबाइलचे बारीक दोन पिनी चार्जर बसतात. अर्थिंगवालं चांगलं अॅडॅप्टर लोहार चाळीतून घ्या. फुटपाथवरचं नको, मिक्सर त्यावर वितळतो. माझा वितळलाय.

भांडी तीन नकोत, एक मोठं आणि एक चटणीचं. रविवारी मिक्सर लावू नका. रविवार अख्खा शांततेचा, रोज रात्री दहा ते सकाळी सहाही. माझ्या खालच्या मजल्यावरच्या आजींनी पहिल्या महिन्यात दाराला चिठ्ठी लावली होती, अत्यंत सुबक अक्षरात.

---

मोरपंखी

मुलाच्या मापांबद्दल. तिथे मुलांचे कपडे वयावर नाही, उंचीच्या सेंटिमीटरवर असतात: ११६, १२२, १२८, १३४. पोराला दाराला टेकवून उभं करा, उंची घ्या, त्याच्या वरचं माप घ्या. आपल्याकडचं '७-८ वर्षं' विसरा. बायकांच्या मापात जर्मन आकडा आणि फ्रेंच आकडा वेगळा, जर्मन ३८ म्हणजे फ्रेंच ४०. लेबलवर कधीकधी दोन्ही छापलेले असतात, तेव्हा चाळिशीचा आकडा बघून उगाच घाबरू नका. बूट आपल्याकडे यूके नंबरने मिळतात. यूके ८ म्हणजे तिथले साधारण ४२. थंडीचे बूट मात्र तिथेच, जाड मोजे घालून बघून.

मुलाला शाळेत आत घालायला वेगळ्या सपाता लागतात. पावसाची रबरी पँट आणि बर्फाची पँट, दोन्ही लागतील. ही नवीन घेऊ नका, पोरं एका हंगामात त्यातून बाहेर येतात. क्लाइनआन्त्साइगन नावाच्या साइटवर लोक वापरलेलं विकतात, दारात जाऊन घ्यायचं. दप्तर बघूनही धक्का बसेल, नव्याची किंमत दोनशे युरोंच्या घरात जाते, तेही तिथेच जुनं बघा. शाळा-बालवाड्यांचे जुन्या कपड्यांचे बाजार वसंतात आणि शरदात लागतात.

ऑनलाइन घेतलं तर १४ दिवसांत परत करायचा कायदेशीर हक्क आहे, मी दोन मापं मागवून एक परत करते. दुकानातून घेतलेलं परत घेणं मात्र दुकानाच्या मर्जीवर, त्यामुळे पावती टाकू नका.

---

बोंबील_फ्राय

खाण्याचं मी सांगतो, कारण बाकी कुणी मन लावून सांगणार नाही.

तूप, पेढे, खवा, पनीर नको. युरोपीय संघात बाहेरून दूध-मांसाचे पदार्थ प्रवाशाला नेता येत नाहीत. कढीपत्त्याची जुडीसुद्धा प्रमाणपत्राशिवाय नाही. फळांपैकी अननस, नारळ, केळी, खजूर आणि ड्युरियन एवढ्यांनाच त्या प्रमाणपत्रातून सूट, ड्युरियन कोण नेतं ते मला भेटलेलं नाही. पण मासळीला माणशी २० किलोंपर्यंत मुभा आहे! सुके बोंबील न्या. तीन पिशव्यांत बांधा, नाहीतर स्वेटर, गोधडी, थर्मल सगळं ससून डॉकसारखं होईल.

सुक्या खोबऱ्याची वाटी बॅगेत घालू नका, विमानाला चालत नाही. तेलकट असते, पेट घेऊ शकते म्हणून. तिथे केकच्या सामानाच्या कप्प्यात खोबऱ्याचा कीस मिळतो, खसखसही तिथेच, फक्त काळी-निळी. गोडा मसाला आणि मालवणी मसाला लालबागहून डंकावरचा ताजा न्या. हे दोन तिथे मिळत नाहीत. वजन करून पॅक करा, डबे नकोत, डब्यांचंच वजन होतं.

---

वाळवंटी_मराठी

खसखशीवरून आठवलं. तुमचं विमान थेट आहे का? आखाती देशातून बदलणार असाल तर खसखस अजिबात नको. इकडे ती अमली पदार्थात धरतात. बाकी म्युनिकबद्दल मला काही कळत नाही.

---

इसारकाठी

अंथरुणाचं राहिलं. आपली उशी नेऊ नका, इथली ८० बाय ८० ची चौकोनी असते, आपले अभ्रे तिच्यावर बसत नाहीत. रजई प्रत्येकाची वेगळी, १३५ बाय २०० ची. जोडप्यासाठी एक मोठी रजई इथल्या लोकांना पटत नाही, आणि नऊ वर्षांनी मलाही पटत नाही. हे सगळं आयकियात किंवा सेलमध्ये मिळतं.

नवीन सामान खोक्यासकट नेताना ध्यानात असू द्या: मोठ्या माणसाला ४३० युरोंपर्यंत आणि १५ वर्षांखालच्या मुलाला १७५ युरोंपर्यंत माल करमुक्त. राहायला जाताय म्हणून सहा महिन्यांहून जास्त वापरलेलं घरचं सामान वेगळं धरलं जातं. तुमचा जुना मिक्सर जुनाच असू द्या.

कपडे वाळत घालायची दांडी घरात लागते, पण वाळत घातले की खिडकी सताड उघडून पाच-दहा मिनिटं वारा घ्यायचा, दिवसातून दोनदा. नाहीतर भिंतीला बुरशी, आणि घरमालक अनामत कापतो. इथलं पाणी जड आहे, किटलीत पांढरा थर बसतो, व्हिनेगर ओतून उकळायचं. बाथरूमला जमिनीत मोरी नसते, बादलीने अंघोळ केली तर खालच्या मजल्यावर. प्लास्टिकचा मग मात्र न्या. कशासाठी ते सगळ्यांना कळतं.

---

लोखंडी_तवा

गोधडीवर कुणी बोललंच नाही. तीन किलो दोनशे म्हणजे चेक-इनमध्ये महाग. हातातल्या सामानात न्या. रात्रीचं विमान, त्यात एसी. पोराच्या अंगावर घाला. विमानतळावर कुणी पांघरलेलं पांघरूण काट्यावर ठेवायला सांगत नाही. अनुभव आहे. मी बायकोची शाल आणि माझा कोट असाच नेला होता, दोन्हींत मिळून नऊ खिसे होते.

---

मूळ लेखिका

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री मॅग्नेट लावून बघितलं. पाचचा कुकर, दोन पातेली, कढई बाद. तीनचा चिकटला! रिंगा उद्या मुलुंडलाच घेते. सिमला कपाटात गेला. शिसवी पोळपाटाऐवजी सासूबाईंचा जुना हलका पोळपाट निघाला, सव्वा किलो वाचला. मिक्सर जातोय, दोन भांड्यांसह. गोधडी पोराच्या अंगावर. त्याला सांगितलं तर म्हणाला, मी विमानात राजासारखा दिसेन.

रविवारचं खरंच माहीत नव्हतं. नवऱ्यालाही नव्हतं, तो म्हणाला मला सांगितलं होतं बहुतेक कुणीतरी.

काटा आज ६८.४ दाखवतोय. त्यात पुरणयंत्र धरलेलं नाही. त्याचं काय करू?

---

इसारकाठी

ठेवून या. इथे बटाटे कुस्करायचं एक हाताने फिरवायचं यंत्र असतं, 'फ्लोटे लोटे' म्हणतात. पायांवर उभं, खाली जाळी, वर दांडा. हुबेहूब पुरणयंत्र. जुन्या बाजारात पाच-सहा युरोंना मिळतं. मी गेल्या होळीला त्यातूनच पुरण काढलं.

---

मूळ लेखिका

हे सासूबाईंना तुम्ही फोनवर सांगाल का?