अनुभव धागा: पुढे कॅमेरा आहे असं कळलं की तुम्ही काय करता?

कारेलीबाग, वडोदरा (धागाकर्ती)

गेल्या भाऊबीजेला माझा दादा सुरतेहून माझ्याकडे यायला निघाला. वहिनी आणि मुलं आदल्या दिवशीच ट्रेनने आली होती, म्हणून गाडीत तो एकटाच. करजणच्या अलीकडे फोनमधल्या नकाशाने "पुढे कॅमेरा" म्हणून सांगितलं, दादाने ब्रेक दाबला आणि मागून येणारा टेम्पो गाडीवर आदळला. मागची सीट पुढच्या सीटला येऊन टेकली होती. दादाच्या मानेला अडीच महिने पट्टा होता. आता बरा आहे, पण उजवीकडे वळून बघायचं तर पूर्ण खांदा वळवतो.

तेव्हापासून मी भेटेल त्याला विचारते की कॅमेरा चुकवायला तुम्ही काय करता. आणि गंमत नाही, खरंच प्रत्येकाकडे काहीतरी आहे. कुणी रेडार फसावं म्हणून आरशाला सीडी टांगतो, कुणी नंबरप्लेटवर स्प्रे मारतो, कुणी समोरच्या ट्रकच्या डिपरवर विसंबतो. मला उपदेश नकोत. काय केलंत, ते चाललं का आणि पुढे काय झालं, एवढं खरंखरं लिहा. नावं आणि गाडीचे नंबर मात्र लिहू नका.

अमित नगर सर्कल

ताई, मी अकरा वर्षं अमित नगर ते अहमदाबाद सीट भरून गाडी चालवतो. आमची युक्ती म्हणजे फोन. पुढे गेलेला मागच्याला कळवतो: "नडियादच्या पुढे मामा उभे आहेत, पुलाखाली इंटरसेप्टर आहे." इंटरसेप्टर म्हणजे पोलिसांची वेग मोजणारी गाडी. मग त्या चार-पाच किलोमीटरमध्ये सगळ्या गाड्या बोर्डावरच्या वेगाने शहाण्यासारख्या चालतात. तेवढं संपलं की परत पाय दाबायचा. ट्रकवाले समोरून दोनदा डिपर देतात, पण एक्स्प्रेसवेवर मधल्या दुभाजकामुळे तो नेहमी दिसतोच असं नाही. जुन्या हायवेवर मात्र डिपर अजून चालतो.

पकडलो गेलो का? फार कमी वेळा. ग्रुप तसा पक्का आहे.

पण एक सांगतो. मे महिन्यात दुपारी दीड वाजता आणंदच्या अलीकडे मागचा डावा टायर फुटला. त्या दिवशी ग्रुपवर "रस्ता साफ" आलं होतं, म्हणून मी १२५ वर होतो. मागे एक आजी आणि तिचा नातू बसले होते. गाडी लेन ओलांडून कडेच्या रेलिंगला घासत थांबली. आजी काही बोलली नाही, फक्त नातवाचं डोकं दोन्ही हातांनी धरून बसली होती. पाय दाबून किती वेळ वाचतो, तो हिशेब मी त्या रात्री पहिल्यांदा कागदावर केला. एक्स्प्रेसवे ९३ किलोमीटरचा. १०० ने गेलं तर ५६ मिनिटं, १२० ने साडेसेहेचाळीस. साडेनऊ मिनिटं वाचतात आणि तेवढा वेळ तर आम्ही सर्कलवर शेवटची सीट भरायची वाट बघत उभे असतो. ग्रुपमध्ये अजून आहे. "मामा" लिहिणं बंद केलं. टायर, पाऊस, बंद पडलेला ट्रक, एवढंच कळवतो.

फतेगंज, विद्यार्थी

मी सीडी लावली होती. मागे एक, पुढे एक. दोन महिन्यांत दंडाचे दोन मेमो आले. काढून टाकल्या.

दांडिया बाजार, निवृत्त शिक्षक

वरच्या मुलाने सीडीबद्दल लिहिलं म्हणून लिहायला बसलो. मी तंत्रशिक्षणात तीस वर्षं शिकवलं. एका वर्षी चार विद्यार्थ्यांना घेऊन आम्ही वेग मोजायचं यंत्र केलं होतं. बाजारात १०.५२५ गिगाहर्ट्झचं लहानसं रेडार मॉड्यूल मिळतं, तळहातावर मावेल एवढं. त्याला अॅम्प्लिफायर आणि स्पीकर जोडला आणि एका विद्यार्थ्याला आवारात सायकलवरून समोरून यायला सांगितलं. तासाला १८ किलोमीटर वेगाने येणारी सायकल स्पीकरमधून साधारण ३५० हर्ट्झचा सूर देते. वेग वाढला की सूर चढतो. वेग कानांनी ऐकू येतो, हे बघून पोरं इतकी हरखली होती की प्रकल्प संपला तरी कुणी घरी जाईना.

मग कुणीतरी तीच सीडीची गोष्ट काढली. आम्ही सायकलच्या हॅंडलला सीडी बांधली, नंतर स्वयंपाकघरातली अॅल्युमिनियमची चकचकीत फॉइल गुंडाळली. सूर तोच राहिला, फक्त आवाज मोठा झाला. कारण सरळ आहे. रेडार वस्तूवरून परत आलेल्या लहरीच्या कंप्रतेतला, म्हणजे सेकंदाला होणाऱ्या कंपनांच्या संख्येतला, फरक मोजतं. चकाकी वाढवली की जास्त लहरी परत येतात, कंप्रतेतला फरक तेवढाच राहतो. म्हणजे फॉइल लावणारा पोलिसांचं काम सोपं करतो. पोलिसांच्या रेडारची कंप्रता बहुधा २४.१५ गिगाहर्ट्झच्या आसपास असते. तिथे १०० च्या वेगाला हा फरक साडेचार हजार हर्ट्झच्या जवळ जातो.

अजून एक समज आहे, की पोलीस कडेला तिरके उभे असतात म्हणून यंत्र जास्त वेग दाखवतं. उलट आहे. तिरक्या कोनातून वेग कमी दिसतो. २० अंशांच्या कोनाला सहा टक्के कमी. तो फायदा चालकाला मिळतो, शिवाय गाडीतला काटाही खऱ्या वेगापेक्षा थोडा पुढेच असतो.

आता हातात दिसते ती बरेचदा लेसर गन असते. ती डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशाचे तुटक झोत नंबरप्लेटवर टाकते, ते परत यायला लागणारा वेळ मोजते आणि सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्यात निकाल देते. ३०० मीटरवर तो झोत जेमतेम मीटरभर रुंद असतो. त्यामुळे मागच्या गाडीला त्याचा पत्ताच लागत नाही आणि ज्या गाडीवर पडतो तिच्यात पोलिसांची गन ओळखून सूचना देणारं यंत्र असलं तरी ते वाजेपर्यंत मोजणी उरकलेली असते.

अमित नगरच्या दादांनी डिपरचं लिहिलं, ते वाचून एक जुनी हकिगत आठवली. इंग्लंडमध्ये १९०५ साली ऑटोमोबाईल असोसिएशन स्थापन झाली ती याच कामासाठी. तेव्हा वेगमर्यादा तासाला वीस मैल होती आणि पोलीस झुडपामागे स्टॉपवॉच घेऊन बसत. संघटनेची माणसं सायकलवरून फिरून सभासदांना सावध करत. १९१० मध्ये न्यायालयाने हे पोलिसांच्या कामात अडथळा आणणं आहे असं ठरवलं. मग त्यांनी रीत बदलली. रस्त्यावरचा माणूस सभासदाला सलाम ठोकायचा आणि ज्या दिवशी सलाम केला नाही त्या दिवशी सभासदाने थांबून विचारायचं. सलाम न केल्याबद्दल कुणाला शिक्षा कशी करणार? शंभर वर्षं उलटली, आपण अजून तिथेच आहोत.

वाघोडिया रोड

काका, सायकलचं वाचून मुलाला वाचून दाखवलं. तो आता मॉड्यूल मागतोय.

माझी मुलगी अमेरिकेत आहे. जावयांकडे रेडार ओळखणारं यंत्र होतं, काचेला चिकटवलेलं. नोकरी बदलून ते वर्जिनियात राहायला गेले आणि तिथे ते चालत नाही. वर्जिनियात आणि वॉशिंग्टन डी.सी.मध्ये असं यंत्र खासगी गाडीतही बाळगू देत नाहीत. मुलीने सांगितलं की ते यंत्र स्वतःच बारीक लहरी बाहेर सोडतं आणि पोलिसांकडे त्या लहरी पकडणारं दुसरं यंत्र असतं. जावयांना दंड झाला तो वेगासाठी नाही, त्या यंत्रासाठी. इथल्या लोकांनी बाहेरून येताना असल्या वस्तू आणू नयेत. आणि सिग्नल जॅम करणारं यंत्र तर आपल्याकडे सरकारी परवानगीशिवाय कुणालाच वापरता येत नाही.

मांजलपूर

माझा अनुभव वेगळा आहे. मी काही चुकवलं नाही, माझ्या नंबरने दुसऱ्याने चुकवलं.

दीड वर्षापूर्वी फोनवर मेमो आला. गाडी माझी, नंबर माझा, वेग १३१, ठिकाण सौराष्ट्रातला एक हायवे. त्या दिवशी माझी गाडी ऑफिसच्या पार्किंगमध्ये होती. वाटलं, एखादं अक्षर चुकीचं वाचलं असेल. फोटो उघडला तर गाडी तसलीच, पांढरी, त्याच कंपनीची आणि प्लेटवर चक्क माझाच नंबर. पंधरा दिवसांत दुसरा मेमो, मग तिसरा. कुणीतरी रस्त्यावर माझ्यासारखी गाडी बघून तिचा नंबर स्वतःच्या गाडीला लावला होता. कॅमेऱ्याला फसवायची ही युक्ती काही लोक मोठ्या अभिमानाने सांगतात. तिचे पैसे कोण भरतं, ते मी सांगतो.

चार महिने मी खिडक्या बदलत फिरलो. एका कार्यालयात "आधी भरून टाका, मग तक्रार करा" असं सांगितलं. भरलं तर गुन्हा कबूल केल्यासारखं होतं, म्हणून भरलं नाही. घरी बायकोशी वाद झाले. तिला भीती ही, की त्या गाडीने उद्या कुणाला उडवलं तर पोलीस आपल्या दारात येतील. ती भीती खोटी नव्हती. मी रात्री झोपेतून उठून खाली गाडी बघून यायचो.

शेवटी उपयोग झाला तो तीन गोष्टींचा. पहिली, त्या दिवसाची फास्टॅगची नोंद, ज्यात माझी गाडी कुठल्याच टोलवरून गेलेली नव्हती. दुसरी, ऑफिसच्या पार्किंगचं रजिस्टर. तिसरी सगळ्यात महत्त्वाची, माझी हाय सिक्युरिटी नंबरप्लेट. तिच्यावर डाव्या बाजूला क्रोमियमचा होलोग्राम असतो आणि खाली लेसरने कोरलेला क्रमांक असतो. मेमोच्या फोटोतल्या प्लेटवर होलोग्रामच नव्हता. मोठा करून छापून नेला, तेव्हा समोरच्या साहेबांनी पहिल्यांदा मान वर केली.

ज्यांना चुकीचा मेमो येईल त्यांनी केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १६७अ हा नियम वाचावा. २०२१ मध्ये आला. वेग टिपणाऱ्या कॅमेऱ्यासारख्या यंत्राला दरवर्षी नूतनीकरण होणारं मान्यतेचं प्रमाणपत्र लागतं, त्या पट्ट्यात लोकांना दिसेल असा सूचनाफलक लागतो आणि नियम आला तेव्हा त्यात घटनेपासून पंधरा दिवसांच्या आत नोटीस पाठवायची मुदत होती. म्हणजे कॅमेरा कुठे आहे हे लपवलेलं नसतं, बोर्ड वाचायचा असतो.

सुभानपुरा

माझं माहेर पुण्याचं, वर्षातून तीनदा गाडीने जातो. २०२४ च्या जुलैपासून मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर नवी यंत्रणा आहे. एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत किती वेळात पोहोचलात, त्यावरून सरासरी वेग काढतात. खांबापाशी हळू होऊन काही साधत नाही. घाटात कारला ६० आहे आणि तिथेच आम्हाला दंड बसला.

पण मला हे लिहायचं नव्हतं. लग्नाला चौदा वर्षं झाली, आणि प्रवासात माझं काम ठरलेलं आहे: कॅमेरा बघायचा. हे चालवणार, मी खांब शोधणार. "आला," म्हणायचं, "गेला," म्हणायचं. मी कधी बाहेरचं शेत बघितलं नाही, पावसाळ्यात घाटातला धबधबा बघितला नाही. हे भांडकुदळ नाहीत, प्रेमळ आहेत, त्यामुळे मला ते काम खटकलंच नव्हतं. मागच्या मे महिन्यात मी झोपले होते. मागून आमची पाच वर्षांची लेक म्हणाली, "बाबा, कॅमेरा गेला, आता जा." माझ्याच आवाजात, माझ्याच सुरात. मी डोळे उघडले. यांनी काही न बोलता इंडिकेटर दिला आणि गाडी डावीकडच्या लेनमध्ये घेतली. पुण्यापर्यंत तिथेच होतो.

कारेलीबाग (धागाकर्ती)

सुभानपुऱ्याच्या ताई, तुमचं वाचून मी दादाला हा धागा पाठवला. त्याला काहीतरी सांगायचं आहे म्हणतो. माझ्या फोनवरून तो लिहितोय.

दादा

छोटीने वर लिहिलंय ते मी तिला सांगितलं होतं तेवढंच. सगळं सांगितलं नव्हतं.

सूचना आली तेव्हा मी ११८ वर होतो. समोर रस्ता पूर्ण मोकळा होता. मी आरशात बघितलं नाही, फोनकडे बघितलं, किती मीटर राहिले ते वाचायला. मग जोरात ब्रेक. १०० च्या वेगातून गाडी थांबवायला, विचार करायचा एक सेकंद धरून, ऐंशी मीटरच्या आसपास लागतात. भरलेल्या टेम्पोला त्याहून जास्त. तो बिचारा माझ्यामागे सत्तर मीटरवर असेल किंवा चाळीसवर, मला माहीत नाही. मी बघितलंच नव्हतं.

अपघात झाल्यावर सगळ्यांनी ठरवलं की मागच्याची चूक. मागचा तो दोषी, असं सगळेच धरून चालतात. मी स्ट्रेचरवर होतो, मला विचारलं तेव्हा मी "अचानक काहीतरी आडवं आलं" म्हणालो. जनावर असेल असं लिहून घेतलं. त्याचा टेम्पो महिनाभर उभा राहिला.

आजवर हे घरात कुणाला सांगितलं नव्हतं. छोटीने हा धागा काढायचं ठरवलं, तेव्हा तिने मला टेम्पोवाल्याबद्दल विचारलं आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. गेल्या रविवारी करजणला जाऊन त्याला शोधून काढलं. घरी आई, बायको, दोन मुली. चहा दिला. मी त्याला सांगितलं की समोर काहीच आडवं आलं नव्हतं, मी कॅमेऱ्यासाठी ब्रेक दाबला होता, आणि हेच मी लेखी द्यायला तयार आहे.

तो गुजरातीत म्हणाला, "ते मला त्याच दिवशी माहीत होतं, साहेब. रस्ता मलाही दिसत होता. पण मला कुणी विचारलंच नाही."

उद्या आम्ही दोघं मिळून ते लेखी द्यायला जातोय.