व्हेरिकोज व्हेन्स: लेझर, ग्लू की नुसते मोजे? डॉपलर झालं आहे, पुढे काय?

कृष्णाकाठ

आई, वय ५७. मधुमेह आहे, गोळ्या चालू. पोळीभाजी केंद्र चालवते, त्यामुळे दिवसाचे आठ-नऊ तास उभीच. डाव्या पोटरीवर आणि मांडीच्या आतल्या बाजूला गाठीगाठीच्या शिरा, संध्याकाळी घोट्याला सूज. गेल्या काही महिन्यांत घोट्याच्या आतल्या बाजूची कातडी काळपट-तपकिरी झाली आहे, तिथे खाजही येते. जखम नाही.

डॉपलरमध्ये (शिरांतला रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) लिहिलंय: साफेनो-फेमोरल जंक्शनला (जांघेत वरवरची शीर खोल शिरेला मिळते तिथे) रिफ्लक्स, म्हणजे उलटा प्रवाह, ग्रेट साफेनस शीर मांडीत ८.२ मिमी, रिफ्लक्स २.४ सेकंद, खोल शिरा मोकळ्या, गुठळी नाही.

एक सर्जन लेझर म्हणतात, दुसरे ग्लू. नातेवाईक म्हणतात मोजे घाला, जळवा लावा, शस्त्रक्रियेच्या नादी लागू नका. नेमकं काय करावं? आणि ती शीर बंद केली तर पायातलं रक्त वर जाणार कुठून?

नीलवाहिनी

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण बहुतेक घरांत निर्णय तिथेच अडतो.

पायातलं सुमारे ९० टक्के रक्त स्नायूंच्या आतल्या खोल शिरांतून वर जातं. घोट्यापासून जांघेपर्यंत कातडीखालून जाणारी ग्रेट साफेनस ही वरवरची शीर. तिच्यातल्या झडपा निकामी झाल्या की उभं राहिल्यावर रक्त खाली परत येतं आणि घोट्यापाशी दाब साचतो. म्हणजे ही शीर सध्या रक्त वर नेण्याऐवजी खाली सोडते आहे. ती बंद केल्यावर रक्त खोल शिरांकडे वळतं आणि पाय हलका होतो. एकच मोठा अपवाद: जुन्या गुठळीमुळे खोल शिराच बुजल्या असतील तर वरच्या शिरा पर्यायी वाट म्हणून काम करत असतात, त्या बंद करून चालत नाही. तुमच्या रिपोर्टमधलं ‘खोल शिरा मोकळ्या’ हे वाक्य म्हणूनच सगळ्यात महत्त्वाचं.

बाकी रिपोर्ट असा वाचा. वरच्या शिरांत ०.५ सेकंदापेक्षा जास्त उलटा प्रवाह म्हणजे गळती. २.४ सेकंद ही सरळ-सरळ गळती आहे. पण तपासणी उभं करून झाली का, हे विचारून घ्या. पोटरी दाबून सोडायची आणि रक्त किती वेळ उलटं येतं ते मोजायचं, हे उभ्यानेच नीट कळतं. आडवं झोपवून केलेल्या डॉपलरमध्ये गळती कमी दिसते किंवा सुटून जाते. गुडघ्यामागची स्मॉल साफेनस आणि घोट्याजवळच्या परफोरेटर शिरा (वरच्या शिरांना खोल शिरांशी जोडणाऱ्या) पाहिल्याचा उल्लेखही रिपोर्टमध्ये हवा. तो नसेल तर त्याच सेंटरला परत जाऊन पूर्ण करून घ्या. एखादी गळती नजरेतून सुटली की दोन वर्षांत ‘शिरा परत आल्या’ म्हणतात, खरं तर ती गेलेलीच नसते.

आता मुद्दा काळ्या डागाचा. डॉक्टर या आजाराचे टप्पे ‘सी’ आकड्यांनी मोजतात: नुसत्या फुगलेल्या शिरा हा सी-२ टप्पा, सूज सी-३, कातडीचा रंग बदलणं किंवा इसब सी-४. सी-५ म्हणजे भरलेली जखम, सी-६ म्हणजे उघडी जखम. आईंचा पाय सी-४ला आहे, आणि त्यात मधुमेह. इथे मोज्यांवर भागवू नका. मोजा घातला असेपर्यंत दाब आवरतो, झडप दुरुस्त होत नाही. ब्रिटनच्या ‘नाइस’ या आरोग्य-मार्गदर्शन संस्थेने २०१३ साली दिलेल्या मार्गदर्शनातही क्रम असाच आहे: आधी उष्णतेने शीर बंद करणं (लेझर किंवा रेडिओफ्रीक्वेन्सी), ते जमत नसेल तर फोम (फेसाळ औषध टोचून शीर बंद करणं), तेही नसेल तर शीर काढण्याची शस्त्रक्रिया. मोजे हाच एकमेव उपाय फक्त तेव्हा, जेव्हा यातलं काहीच करता येत नाही.

लेझर की ग्लू हा प्रश्न त्यानंतरचा. दोन्हीकडे सोनोग्राफीवर बघत, गुडघ्याच्या आसपास सुईने शिरेत शिरून नळी जांघेपर्यंत नेतात आणि टोक जंक्शनच्या अलीकडे थांबवतात: लेझर किंवा रेडिओफ्रीक्वेन्सीत साधारण २ सेंमी, ग्लूमध्ये त्याहून थोडं लांब. लेझर किंवा रेडिओफ्रीक्वेन्सीत शिरेभोवती गार सलाइनमध्ये मिसळलेलं भुलीचं औषध भरतात. त्याने दुखत नाही, शीर नळीवर आवळली जाते आणि कातडी व मज्जातंतू उष्णतेपासून दूर राहतात. रेडिओफ्रीक्वेन्सीच्या नेहमीच्या नळीत ७ सेंमीचा तुकडा १२० अंशांवर २० सेकंद तापवतात, मग नळी मागे घेऊन पुढचा तुकडा. गुडघ्याच्या बऱ्याच खाली जाऊन तापवलं तर शेजारच्या साफेनस मज्जातंतूला इजा होते आणि पोटरीच्या आतल्या बाजूला बधिरपणा राहतो. किती खाली जाणार, हे आधी विचारा.

आणि विचाराच: पोटरीवरच्या गाठींचं काय करणार? मुख्य शीर बंद झाल्यावर काही फांद्या आपोआप आकसतात, उरलेल्या २-३ मिमीच्या छेदांतून काढतात किंवा फोमने बंद करतात. याच्या उलट, मुख्य गळती तशीच ठेवून नुसत्या पोटरीत इंजेक्शनं देण्याचं स्वस्त पॅकेज कोणी सुचवलं तर घेऊ नका.

तुळई

ग्लूबद्दल एक बाजू मांडतो. भुलीच्या दहा-वीस सुया टळतात, उष्णता नसल्याने मज्जातंतूचा धोका जवळजवळ नाही, आणि नंतर मोजा घातलाच पाहिजे असं नसतं. उन्हाळ्यात मोजा सहन न होणाऱ्यांसाठी ही मोठी सोय आहे. महाग पडतो, एवढंच.

नीलवाहिनी

@तुळई, फायदे बरोबर आहेत, पण एवढंच नाही. ग्लू म्हणजे सायनोअक्रिलेट, ते शिरेत दीर्घकाळ राहतं. काहींना पहिल्या दोन आठवड्यांत शिरेच्या रेषेवर लाली, खाज, सूज येते. बहुतेकांची औषधाने उतरते, पण कृत्रिम नखांच्या किंवा पापण्यांच्या गोंदाची ॲलर्जी असेल तर ग्लू टाळावा. शीर बंद राहण्याच्या बाबतीत दोन्ही पद्धती जवळपास सारख्या. मी मशीन निवडण्याआधी डॉक्टर निवडेन: डॉपलर स्वतः हातात घेऊन पाहणारा आणि नियमित हेच काम करणारा.

जळवांबद्दल: त्या कातडीतलं रक्त घेतात, जांघेतली झडप जिथल्या तिथे. मधुमेह असलेल्या पायाच्या, आधीच कमकुवत झालेल्या कातडीला जखम करून जंतुसंसर्गाला वाट देऊ नका.

पट्टीबंध

प्रक्रियेची तारीख मिळेपर्यंत मोजा लागेलच, म्हणून लिहितोय. मधुमेह आहे, तर मोजा घेण्याआधी रोहिणी (पायाला रक्त पुरवणारी वाहिनी) तपासा. घोट्याचा वरचा रक्तदाब भागिले दंडाचा वरचा रक्तदाब, हा आकडा ०.९ ते १.३ असेल तर ठीक. ०.८च्या खाली आला तर तज्ज्ञाला विचारल्याशिवाय घट्ट मोजा नाही, ०.५च्या खाली तर अजिबात नाही. १.३च्या वर आला म्हणून खूश होऊ नका, मधुमेहात कडक झालेली रोहिणी दाबली न गेल्याने आकडा खोटा वाढतो. मग पायाच्या अंगठ्यातला दाब मोजतात. तळव्याची संवेदनाही तपासून घ्या. मोजा कुठे रुततोय हे कळलंच नाही तर जखम होते.

साधारणपणे क्लास २ लागतो, म्हणजे घोट्याशी २३ ते ३२ मिमी पाऱ्याइतका दाब. गुडघ्यापर्यंतचा बहुतेकांना पुरतो. मांडीपर्यंतचा घसरतो आणि लोक वापरणं सोडतात. माप सकाळी, सूज चढायच्या आत: घोट्याचा सर्वांत बारीक घेर, पोटरीचा सर्वांत मोठा घेर, आणि टाचेपासून गुडघ्याखालपर्यंतची उंची. दुकानदार ‘मीडियम घ्या’ म्हणून हातात ठेवेल तर परत ठेवा. क्रेप बँडेज हा पर्याय नाही, तासाभरात सैल होतं आणि दाब प्रत्येक वेळी वेगळा बसतो.

सकाळी पलंगावरून उतरण्याआधी घालायचा, रात्री झोपताना काढायचा.

कृष्णाकाठ

खूप आभार. उभं राहून केलं होतं का, हे उद्याच सेंटरला विचारतो. दोन अडचणी: आईने आधी एकदा मोजा आणला होता, तो चढवतानाच फाटला आणि वरून गुंडाळी होऊन रुतायचा. आणि प्रक्रियेनंतर ती ओट्यापाशी कधी उभी राहू शकेल? विम्यात बसतं का?

पट्टीबंध

फाटतो तो जोडव्यांनी, पैंजणांनी किंवा नखांनी. जोडवी-पैंजण काढून ठेवायचे, पाय कोरडा हवा, तेल किंवा मलम रात्रीच लावायचं. मोजा टाचेपर्यंत उलटा करा, पाऊल आत घाला, टाचेचा भाग बरोबर टाचेवर बसवा, मग भांडी घासायचे रबरी हातमोजे घालून तळव्यांनी वर सरकवत न्या. बोटांनी काठ धरून ओढलं की धागा तुटतो. बोटं उघडी असलेला मोजा असेल तर पावलावर गुळगुळीत प्लास्टिकची पिशवी चढवून त्यावरून मोजा घ्या आणि पिशवी पुढून ओढून काढा.

वरचा काठ कधीही दुमडायचा नाही. दुमडला की तिथे दुप्पट दाब बसतो आणि खालचं रक्त अडतं. लांब पडत असेल तर माप चुकलंय. साबणाने हाताने धुवा, पिळू नका, सावलीत वाळवा. रोज वापरात सहा महिन्यांत ताण जातो. दोन जोड घेतले की धुण्याचा खाडा पडत नाही.

नीलवाहिनी

प्रक्रिया संपल्यावर त्याच दिवशी चालायचं, घरी आल्यावरही जागेपणी थोड्या-थोड्या वेळाने. लेझर किंवा रेडिओफ्रीक्वेन्सीनंतर मोजा एक-दोन आठवडे सांगतात. हलकं काम काही दिवसांत होतं, पण ओट्यापाशी सलग उभं राहणं पहिला आठवडा नको. साधारण सातव्या ते दहाव्या दिवशी मांडीत ताठर वाटतं, ओढल्यासारखं दुखतं, शीर आकसत असते म्हणून. आठवडाभरात एक डॉपलर करून गुठळी खोल शिरेत सरकली नाही ना, ते पाहतात. ही भेट चुकवू नका. पोटरी एकदम सुजून दुखली, धाप लागली किंवा छातीत दुखलं तर दवाखाना गाठायचा, फोनवर वेळ घालवायचा नाही.

विमा: ही डे-केअर (त्याच दिवशी घरी सोडतात अशी) प्रक्रिया आहे, पण अनेक पॉलिसींत व्हेरिकोज व्हेन्सना दोन वर्षांचा प्रतीक्षा काळ असतो. पूर्वमंजुरी आधी घ्या. ‘सौंदर्यासाठी’ म्हणून नाकारू नयेत यासाठी डॉक्टरांच्या पत्रात सूज, कातडीतला बदल, सी-४ टप्पा आणि रिफ्लक्सचे सेकंद लिहून घ्या.

केंद्रावर कायमची एक सवय लावा: ओट्याखाली पाट ठेवून पाय आलटून-पालटून त्यावर टेकवायचे, आणि पोळ्या भाजताना मधूनमधून टाचा वर-खाली करायच्या. पोटरी आकुंचन पावली तरच रक्त वर ढकललं जातं.

आणि तारीख मिळेपर्यंत घरातल्या सगळ्यांना हे सांगून ठेवा. काळ्या डागाजवळची पातळ कातडी खाजवून फुटली तर रक्ताची चिळकांडी उडते, माणूस घाबरतो आणि जखमेच्या वरच्या बाजूला पायाला रुमाल आवळून बांधतो. त्याने रक्त आणखी वाहतं. आईंना लगेच आडवं करा, पाय छातीपेक्षा वर धरा, स्वच्छ कापडाची घडी नेमकी त्या जागेवर ठेवून १० ते १५ मिनिटं दाबून धरा, मधे उचलून बघू नका. थांबल्यावर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. थांबलंच नाही तर दाब तसाच ठेवून १०८ला फोन करा.