घरगुती भाजणी-मेतकुटाच्या ब्रँडला नाव सुचवा

कोथरूडची_सून
नमस्कार मंडळी, मी आणि सासूबाई घरून थालीपिठाची भाजणी, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी आणि कैरीचं लोणचं विकतो, आत्तापर्यंत सोसायटीच्या ग्रुपवर आणि ओळखीपाळखीत चालत होतं पण आता दिवाळीआधी नीट लेबल लावून दोन-तीन दुकानांत ठेवायचं म्हणतोय आणि गाडी नावावर अडलीय. सासूबाईंना 'अन्नपूर्णा' हवंय. नवरा म्हणतो काहीतरी इंग्लिश ठेवा नाहीतर हिंजवडीची पब्लिक घेणार नाही (तो स्वतः हिंजवडीला जातो आणि डब्यात थालीपीठच नेतो). मला 'पुणेरी भाजणी' आवडलंय, वाचल्या वाचल्या कळतं आत काय आहे. आडनाव जोशी, तेव्हा तो विषयच सोडा.

पेठेतला
अन्नपूर्णा नको हो. पुण्यात खानावळ, पोळीभाजी केंद्र, केटरर, सगळीकडे अन्नपूर्णा आहे, शिवाय त्या नावाचं मीठ आणि आटा हिंदुस्तान लिव्हरने कित्येक वर्षं विकलाय. सासूबाईंना सांगा देवी घरात आहेच, पाकिटावर नको.

फाईलवाली
वकील नाही, पण ऑफिसात ट्रेडमार्कचीच कामं बघते म्हणून लिहिते. 'पुणेरी भाजणी' कळायला सोपं आहे ना, तीच त्याची अडचण. ट्रेडमार्क कायदा 1999 च्या कलम 9 मध्ये माल काय आहे आणि कुठला आहे एवढंच सांगणारं नाव सहसा अडकतं, कारण उद्या दुसरीने पुण्यात भाजणी केली तर तिने तिला काय म्हणायचं? आणि जोशीबद्दल, स्वतःचं आडनाव प्रामाणिकपणे वापरायला कोणी अडवत नाही, कलम 35 आहे त्यासाठी, पण मग बाकीच्या जोशांनाही तुम्ही अडवू शकत नाही.
अजून एक, ट्रेडमार्कची नोंदणी मालाच्या क्लासप्रमाणे, म्हणजे वर्गाप्रमाणे होते. भाजणी, मेतकूट, चटणी क्लास 30 मध्ये आणि लोणचं क्लास 29 मध्ये, म्हणजे फी दोनदा. ऑनलाइन भरलं तर एकट्या व्यक्तीला क्लासमागे 4,500 रुपये, नोंदणी झाली की 10 वर्षं. त्याआधी ट्रेडमार्कच्या सरकारी साइटवर फुकट सर्च करा, त्यात फोनेटिक सर्च पण आहे, तो कराच, कारण स्पेलिंग बदलून काही होत नाही, कानाला सारखं वाटलं तरी आक्षेप येतो. आणि नोंदणी व्हायच्या आत लेबलवर गोलातला आर छापू नका, तो गुन्हा आहे, टीएम चालतं.

चिंचगूळ
वरच्या ताईंनी सगळं सांगितलंच आहे, मी फक्त ळ बद्दल बोलतो. नावात ळ आणि ण टाळा. माझ्या मावसभावाने मसाल्याला छान नाव ठेवलेलं, त्यात ळ, आता मराठी लोक मराठीत शोधतात, बाकीचे इंग्रजीत कोणी एक एल टाकतं कोणी दोन, आणि इन्स्टावर दुसऱ्याच कोणाचं पेज वर येतं. फोनवर एकदा सांगून समोरच्याला बरोबर लिहिता आलं पाहिजे. इंग्लिश नाव ठेवलं म्हणून आयटीवाले घेतील असंही काही नाही, भाजणी खमंग असली की घेतात. पुढेमागे दुकान काढलंत तर पाटी मराठीत लागणारच आहे, 2022 पासून छोट्या दुकानांनाही सक्तीचं आहे आणि मराठी अक्षरं दुसऱ्या भाषेपेक्षा बारीक चालत नाहीत.
सासूबाईंना माहेरी काय हाक मारायचे? तिथून काहीतरी निघेल बघा.

कोथरूडची_सून
फाईलवाली ताई, खूप खूप धन्यवाद, नवऱ्याला जसंच्या तसं वाचून दाखवलं. सासूबाईंना माहेरी 'बयो' म्हणायचे, हे आम्हाला आजच कळलं आणि त्या लाजून आत गेल्या. 'बयो' कसं वाटतं?

पेठेतला
झकास! भाजणीशी काही संबंध नाही आणि लक्षात राहतं.

फाईलवाली
मलाही आवडलं. फक्त 29 आणि 30 दोन्हीत सर्च मारून बघा, बायो म्हणून पण मारा, तसं ऐकू येतं. तोवर लेबलं छापायला टाकू नका.